खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये खारफुटी: शेंगेपासून आधारमुळांपर्यंत

घरच्या टँकमधली खारफुटी मिठाने क्वचितच मरते. ती मरते आपल्या हातांमुळे. आज इथे लाव, पुढच्या आठवड्यात तिथे हलव, मुळं आली का ते उपसून बघ, पानं पिवळी दिसली की जागा बदल. माझ्या पहिल्या पाच रोपांपैकी तीन मी अशीच गमावली. दोन हलवाहलवीत गेली आणि एकाचे शेंडे पाण्याखाली गेले. उरलेली दोन मात्र आजही त्याच जागी उभी आहेत. म्हणून या लेखाचा बराचसा भाग लावण्याआधी काय ठरवायचं याबद्दल आहे. ते नीट ठरवलं की नंतरचं काम थोडं असतं.

सुरुवातीला अपेक्षांबद्दल बोलू. खारफुटी नायट्रेट आणि फॉस्फेट शोषते हे खरं आहे, पण ती हळू वाढते, त्यामुळे शोषतेही हळू. पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी काही हवं असेल तर किटोमॉर्फासारखं शेवाळ याच्या कितीतरी पट काम करतं. स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र, काढून टाकून खारफुटीवर भिस्त ठेवू नका. ती लावायची तर झाड म्हणून लावा. पाण्याच्या रेघेवर उभं असलेलं, खाली मुळांमध्ये मासे आणि वर पानं असं झाड.

काय काय लागेल

- झाकण नसलेला टँक, किंवा सम्पमध्ये (मुख्य टँकच्या खाली ठेवलेल्या जोडटाकीत) वर मोकळी जागा असलेला कप्पा
- २ ते ४ शेंगा किंवा छोटी रोपं
- पाण्याचा खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (तरंगत्या काट्याचा हायड्रोमीटर चालतो, पण चुका जास्त होतात)
- समुद्री मीठ आणि आरओचं पाणी
- ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा एलईडी दिवा आणि टायमर
- बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू, किंवा रोप अधांतरी धरायला प्लास्टिकची चौकटीची जाळी
- पाणी फवारायची छोटी बाटली
- मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फॉस्फेटचे टेस्ट किट
- रोपं रोपवाटिकेत वाढवलेली आहेत असं दाखवणारी पावती

शेवटची गोष्ट औपचारिकता समजू नका. अनेक देशांत खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. झाडावरून शेंग तोडणं, किनाऱ्यावरचं रोप उपटणं हा तिथे गुन्हा ठरू शकतो, आणि काही ठिकाणी पडलेली शेंग उचलायलाही परवानगी लागते. आपल्या भागातला नियम आधी बघा. रोपवाटिकेतून घेतलेलं रोप हाच सगळ्यात सरळ मार्ग. ते तुरटीच्या पाण्यासारखं स्वच्छ आलेलं असतं आणि किनाऱ्यावरचं एक रोपही कमी होत नाही.

पायरी १: प्रजाती निवडा

नवख्याने रायझोफोरा वंशातलं झाड घ्यावं. मराठीत यांना कांदळ म्हणतात. टँकवाल्यांमध्ये सगळ्यात जास्त फिरणारी 'लाल खारफुटी', म्हणजे रायझोफोरा मँगल, याच वंशातली. कमानीसारखी आधारमुळं हिचीच. शेंग लांब आणि काठीसारखी असते, हाताळायला सोपी असते आणि वाळू नसली तरी पाण्यात मुळं धरते.

तिवर, म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया, जरा पुढच्या टप्प्यावरची. तिला खोल आणि मऊ तळ लागतो, आणि तिची श्वसनमुळं वाळूतून पेन्सिलींसारखी वर येतात. लहान टँकमध्ये तिची कुचंबणा होते.

या दोघी मिठाशी वेगवेगळ्या प्रकारे वागतात, आणि काळजी घेताना हे माहीत असलेलं बरं. तिवर मीठ आत घेते आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कांदळ मुळांपाशीच बहुतेक मीठ अडवून ठेवतं आणि जवळजवळ गोडं पाणी वर खेचतं. हे खेचायला लागणारा ताण पानांतून उडणाऱ्या वाफेमुळे निर्माण होतो. शास्त्रज्ञ स्कोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात खारफुटीच्या फांद्यांमधला हा ताण मोजून दाखवला होता. आपल्यासाठी याचा अर्थ असा की पानं निरोगी आणि उजेडात असतील तरच मुळांची गाळणी चालते.

पायरी २: शेंग पारखून घ्या

कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. आपण जिला शेंग म्हणतो ते खरं तर आईला लटकून वाढलेलं रोप. इंग्रजीतल्या 'प्रोपॅग्यूल' या नावाने ती विकायला असते.

हातात घेऊन बघा. ती टणक हवी. बोटाने दाबल्यावर मऊ लागली, सुरकुतली असेल किंवा मधे काळा ओला डाग असेल तर घेऊ नका. मुळं नसली तरी काही बिघडत नाही. शेंड्याचा कोंब मात्र शाबूत हवाच. हा कोंब पेनच्या निबसारखा असतो, हिरवा आणि टोकदार. तो मोडला तर कांदळ सहसा दुसरा काढत नाही, आणि शेंग महिनोन्महिने हिरवी राहूनही पुढे जात नाही. कोंबावर फळाची टोपी अजून चिकटलेली असेल तर ओढू नका, ती आपली आपण गळते.

वर कुठलं टोक आणि खाली कुठलं, यात बरेच जण फसतात, कारण दोन्हीकडे निमुळतं असतं. जाड, तपकिरी झालेलं टोक खाली. बारीक, कोंबाचं टोक वर. तरीही खात्री वाटत नसेल तर शेंग बादलीत सोडून द्या. पिकलेली शेंग काही दिवसांनी उभी तरंगायला लागते आणि जड टोक आपणहून खाली जातं.

पायरी ३: जागा आणि उंची ठरवा

इथे घाई करू नका. एक-दोन दिवस नुसतं टँककडे बघण्यात गेले तरी चालतील.

नियम एकच: कोंब आणि पानं कायम पाण्याच्या वर, आणि शेंगेचा साधारण खालचा तिसरा भाग पाण्यात. कांदळाच्या खोडावर आणि आधारमुळांवर बारीक उंचवटे असतात, खरखरीत ठिपक्यांसारखे. त्यांतून हवा आत जाते आणि आतल्या पोकळ उतींमधून चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते. हे ठिपके पाण्याखाली गेले की खालची मुळं गुदमरतात. त्यामुळे पाण्याची रेघ खोडावर जिथे आज आहे तिथेच वर्षभर राहील अशी जागा शोधा.

सम्पमध्ये लावणार असाल तर पंप बंद करून बघा. वीज गेली की वरच्या टँकमधलं पाणी खाली उतरतं आणि सम्पची पातळी काही सेंटिमीटरने चढते. माझं एक रोप याच कारणाने गेलं. दिवसा सगळं ठीक दिसायचं, रात्री टायमरवर पंप थांबला की कोवळी पानं तासन्‌तास बुडालेली असायची. दोन आठवड्यांत ती काळी पडली आणि मला कारण कळायला तिसरा आठवडा लागला. म्हणून उंची मोजायची ती पंप बंद असतानाच्या पातळीवरून. रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत वरच्या टँकमध्ये ढकलणाऱ्या पंपाच्या, कप्प्यात तर लावूच नका. बाष्पीभवनाचा सगळा चढउतार तिथेच दिसतो, शिवाय पुढेमागे मुळं पंपाच्या तोंडात शिरतात.

टँकच्या कोपऱ्यापासून आणि सिलिकॉनच्या जोडांपासून हातभर लांब राहता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर निदान मुळं जोडाकडे वळणार नाहीत अशी तजवीज करा. जाड झालेलं मूळ जिथे शिरतं तिथे जोर लावतं.

वर किमान ६० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. एसीचा थेट झोत रोपावर येत असेल तर जागा बदला. बदलायची असेल तर ती आत्ताच, मुळं धरल्यावर नाही.

पायरी ४: मिठाची सवय लावा

विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: हे रोप गोड्या पाण्यात वाढवलंय की खाऱ्या? या उत्तरावर पुढचे दोन महिने अवलंबून आहेत. खाऱ्या पाण्यातलं असेल तर टँकच्या पाण्याची घनता जुळवून थेट लावता येतं. गोड्या पाण्यातलं असेल, आणि बरीचशी रोपं तशीच असतात, तर त्याला एकदम ३५ पीपीटीमध्ये (हजार भागांत ३५ भाग मीठ, म्हणजे समुद्राइतकं खारं) टाकू नका. पानं दोन दिवसांत लोंबतात आणि मग झडतात.

वेगळ्या बादलीत आरओचं पाणी घ्या. पहिल्या आठवड्यात ५ पीपीटी, पुढच्या आठवड्यात १०, असं दर आठवड्याला ५ ने वाढवत जा. सातव्या आठवड्यात ३५ पीपीटी होईल, म्हणजे घनता साधारण १.०२६. मीठ नेहमी वेगळ्या भांड्यात आदल्या दिवशी विरघळवून ठेवा. रोप असलेल्या बादलीत कोरडं मीठ टाकलं तर न विरघळलेले खडे तळाशी नेमके मुळांवर बसतात.

मधल्या एखाद्या आठवड्यात पानं मलूल दिसली तर मीठ वाढवू नका, आहे तिथेच आणखी एक आठवडा थांबा. मागे जाण्याची गरज क्वचितच पडते.

मुळं नसलेली शेंगही याच बादलीत रुजवता येते. पाणी तळापासून ७-८ सेंटिमीटर, तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि उजेड, एवढं पुरतं. तळाच्या टोकाला आधी फिकट गाठी दिसतात, मग त्यातून पांढरी मुळं येतात. काहींना दोन-तीन आठवडे लागतात, काहींना दोन-तीन महिने. शेंग टणक आणि हिरवी आहे तोवर ती जिवंत आहे. उपसून बघायची गरज नाही, काचेच्या बरणीत रुजवली तर बाहेरूनच सगळं दिसतं.

पायरी ५: लावा आणि सोडून द्या

वाळूत लावायचं असेल तर थर १० ते १५ सेंटिमीटर हवा. बोटाने भोक पाडा, शेंगेचं टोक ४-५ सेंटिमीटर आत सोडा, वाळू सैलसर लोटा. दगडांच्या फटीत दाबून बसवू नका, खोड फुगायला लागलं की तिथे करकोचा पडतो. रबर बँडचंही तसंच. जुन्या खोल वाळूत भोक पाडताना कुजक्या अंड्याचा वास आला तर थांबा. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला आहे. ती जागा ढवळू नका, दुसरीकडे लावा.

वाळू नसेल तर प्लास्टिकच्या जाळीच्या चौकटीत शेंग उभी अडकवा आणि भोवती थोडा मऊ स्पंज गुंडाळा. थर्माकोलचे तुकडे वापरू नका, त्याचे दाणे सुटतात आणि मासे ते खातात. मुळं हळूहळू खाली तळापर्यंत पोचतात.

शंखातले खेकडे आणि सी अर्चिन नवं रोप आडवं पाडतात. पहिले दोन-तीन महिने त्यांच्यापासून आडोसा करा.

पायरी ६: उजेड

कोरलसाठीचा निळा दिवा डोळ्यांना छान दिसतो, पण पानांना तो पुरत नाही. खारफुटीसाठी वेगळा पांढरा दिवा हवा, रोज १० ते १२ तास, टायमरवर. पानांपासून २५-३० सेंटिमीटरवर ठेवून सुरुवात करा आणि रोप वाढेल तसा वर उचला. पानाचा मधला भाग करडा, कागदासारखा झाला तर दिवा फार जवळ आहे. दोन पानांमधली खोडाची लांबी ताणल्यासारखी वाटायला लागली आणि रोप एका बाजूला झुकलं, तर उजेड कमी पडतोय. झुकलं म्हणून कुंडीसारखं फिरवत बसू नका, दिवा सरकवा.

पायरी ७: रोजची आणि आठवड्याची काळजी

रोज सकाळी दिवा लागल्यावर पानांवर दोन्ही बाजूंनी आरओचं पाणी फवारा. किनाऱ्यावर हे काम पाऊस करतो. टँकमध्ये बुडबुड्यांचे शिंतोडे उडून पानांवर सुकतात. बोट फिरवलं तर बारीक साखरेसारखा खरखरीतपणा लागतो, आणि दिव्याखाली तिरकं बघितलं तर पानाच्या कडेला पांढरी रेघ चमकते. ती राहू दिली तर कडा तपकिरी होऊन वळायला लागतात.

पाणी कमी झालं की भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. वाफ होऊन फक्त पाणी जातं, मीठ मागेच राहतं. कांदळही जवळजवळ गोडं पाणीच वर ओढतं, त्यामुळे तीन-चार झाडं मोठी झाली की छोट्या टँकमधली घनता अंदाजापेक्षा लवकर चढते. आठवड्यातून दोनदा रिफ्रॅक्टोमीटरने बघा.

गळलेलं पान त्याच दिवशी काढा. पानात साठलेलं नायट्रोजन आणि फॉस्फरस बाहेर जातं ते पान टँकबाहेर गेलं तरच. पाण्यात कुजलं तर सगळं परत पाण्यात मिसळतं, वर टॅनिनमुळे पाणी चहासारखं पिवळं होतं. तसं झालंच तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन वापरा.

महिन्यातून एकदा मॅग्नेशियम तपासा, १२५० ते १३५० पीपीएमच्या दरम्यान असू द्या. पानातल्या हरितद्रव्याच्या केंद्राशी मॅग्नेशियमच असतं. नियमित पाणी बदलणाऱ्याला सहसा वेगळा डोस द्यावा लागत नाही.

पायरी ८: पानं काय सांगतात

रोपावरचं सगळ्यात जुनं एखादं पान पिवळं होऊन गळतंय आणि वर नवी जोडी उमलतेय, तर काहीही करू नका. हे नेहमीचंच आहे. नवख्यांची निम्मी रोपं इथेच मरतात. एक पान पिवळं झालं म्हणून खत, डोस, जागाबदल सगळं एकाच दिवशी होतं.

जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडत असतील आणि शिरा हिरव्या राहत असतील, तर मॅग्नेशियम बघा. तेच लक्षण नव्या कोवळ्या पानांवर असेल तर लोह कमी आहे. लोहाचा डोस अगदी थोडा द्या, नाहीतर झाडाआधी शेवाळ ते खाऊन टाकतं. सगळी पानं एकदम मलूल झाली तर आधी घनता मोजा, मग पाण्याची रेघ बघा.

पानांच्या मागे तपकिरी खवल्यासारखे किंवा कापसासारखे पुंजके दिसले तर ती कीड आहे. कुठलंही कीटकनाशक टँकच्या आसपासही आणू नका. कोळंबी आणि खेकडे त्याच्या थेंबाने मरतात. ओल्या कापसाने एकेक पुसून काढा, खाली हात धरून, म्हणजे किडे पाण्यात पडत नाहीत. आठवडाभर रोज हे करावं लागतं, पण कीड जाते. माशांच्या औषधातलं तांबंही अपृष्ठवंशी जिवांना मारतं, म्हणून मासा आजारी पडला तर त्याला वेगळ्या टँकमध्ये हलवा.

पायरी ९: छाटणी

पहिलं वर्ष कात्री लांब ठेवा. खोड खालून लाकडासारखं झालं आणि पानांच्या चार-पाच जोड्या झाल्या की फक्त सर्वांत वरचा शेंडा खुडा. काही आठवड्यांत खालच्या पानांच्या बेचक्यांतून फांद्या फुटतात आणि झाड डेरेदार होतं. पानांच्या खाली, नुसत्या खोडावर मात्र कधीही कापू नका. तिवर तशी कापली तरी पुन्हा फुटू शकते, कांदळाच्या जुन्या लाकडावर मात्र सुप्त डोळे उरलेले नसतात. ते उभ्या उभ्या वाळतं.

झाड टँकला डोईजड झालं तर ते दुसऱ्या टँकवाल्याला द्या किंवा खाऱ्या चिखलाच्या कुंडीत वाढवा. किनाऱ्यावर नेऊन सोडू नका, शेंगाही टाकू नका. हवाई बेटांवर मुळात खारफुटी नव्हती. १९०२ साली मोलोकाई बेटावर गाळ अडवण्यासाठी लाल खारफुटी लावली गेली. तिथून ती इतर बेटांवर पसरली, स्थानिक पाणपक्ष्यांच्या जागा आणि जुनी मत्स्यतळी तिने व्यापली, आणि आज तिथे ती उपटून काढावी लागते.

पायरी १०: पहिलं आधारमूळ

केव्हातरी, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, पाण्याच्या रेघेच्या वर खोडावर एक तांबूस गाठ दिसेल. ती मोड आल्यासारखी फुगते, मग टोक खाली वळतं. हे पहिलं आधारमूळ. माझ्या झाडाचं असं मूळ हवेतून पाण्यापर्यंत यायला काही आठवडे लागले, आणि पाण्याला टेकल्यावर मात्र त्याच्या टोकाला पांढऱ्या बारीक मुळ्यांचा झुबका झपाट्याने आला.

हवेत असताना त्यालाही फवाऱ्याचं पाणी द्या. टोकाला हात लावू नका, ते दुखावलं तर वाढ थांबते किंवा तिथून फाटे फुटतात. खाली दगड असेल तर दगड सरकवा, मूळ वळवू नका. ते वाळूत शिरलं की झाड स्वतःच्या पायावर उभं राहतं, आणि सुरुवातीला बांधलेली जाळी किंवा स्पंज तेव्हा कात्रीने कापून हळूच काढून घ्या.